थकलेलं भुईभाडं कसं वसूल करायचं: जमीनमालकासाठी पायरीपायरीने

मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत जमीन एका कुटुंबाची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची, अशा मिळकती बऱ्याच आहेत. आजोबा-पणजोबांनी मोकळा भूखंड ९९ वर्षांच्या लीजवर दिला, घेणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने तिथे चाळ, बंगला किंवा कारखाना उभा केला आणि जमिनीपोटी वर्षाकाठी ठरलेली रक्कम देत राहिला. ती रक्कम म्हणजे भुईभाडं. जमीन वारशाने हाती येते तेव्हा बहुतेकांना कळतं ते असं: भुईभाडं कित्येक वर्षं आलेलंच नाही, पत्रांना उत्तर नाही आणि लीजधारक फोन उचलत नाही.

रक्कम लहान म्हणून बरेच जण नाद सोडून देतात. तसं करू नका. भुईभाड्याची प्रत्येक पावती म्हणजे 'जमीन तुमची आणि समोरचा लीजधारक' याचा नवा पुरावा असतो. लीज चालू असताना लीजधारकाला तुमची मालकी नाकारता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२२ तेच सांगतं, आणि नुसतं भाडं थकवून तो मालकही होत नाही. पण वीस-तीस वर्षं एकही पावती फाटली नसेल तर हे सगळं सिद्ध करताना तुमचीच दमछाक होते.

इथे विचार केला आहे तो महाराष्ट्रातल्या खासगी मालकाच्या जमिनीचा. महापालिका, बंदर प्राधिकरण किंवा जिल्हाधिकारी यांच्या लीजची वसुली वेगळ्या कायद्यांनी होते.

पायरी १: लीजडीड शोधा आणि पेन्सिल घेऊन वाचा

मूळ प्रत घरात नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. दस्त क्रमांक माहीत नसला तरी मिळकतीच्या वर्णनावरून आणि पक्षकारांच्या नावांवरून सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) मध्ये शोध घेता येतो. सोबत नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) ताजा उतारा घ्या. पत्रिकेवर लीजची नोंद आणि लीजधारकाचं नाव बहुतेक वेळा सापडतं.

दस्त वाचताना या गोष्टींवर खूण करा. भाडं किती आणि ते वाढत जाणारं आहे का. देय तारीख कोणती, आणि ते वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ द्यायचं की वर्ष संपल्यावर. उशिराबद्दल व्याज लिहिलं आहे का. नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची. लीजहक्क दुसऱ्याला देण्याआधी मालकाची संमती लागते का. आणि सगळ्यात महत्त्वाचं: भाडं अमुक दिवस थकलं तर मालकाला जागेचा ताबा परत घेता येईल, अशी पुनर्प्रवेशाची अट दस्तात स्पष्ट शब्दांत आहे का.

या शेवटच्या अटीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ (छ) प्रमाणे भाडं न दिल्याबद्दल लीज रद्द करायची तर दस्तात अशी अट असावी लागते आणि लीज संपवण्याचा इरादा लेखी नोटिशीने कळवावा लागतो. अट नसेल तर मुदत शिल्लक असलेल्या लीजवर केवळ थकबाकीसाठी ताबा मागता येत नाही. तुमच्याकडे फक्त पैशांचा दावा उरतो. अट नसतानाही 'जागा खाली करा' अशी नोटीस धाडणारे पुष्कळ आहेत. समोरच्या वकिलाला पहिल्याच उत्तरात मुद्दा मिळतो आणि खरी थकबाकी बाजूला पडते.

दुसरा प्रश्न: भाड्याने नेमकं काय दिलं होतं, मोकळी जमीन की उभी इमारत? १९४७ चा जुना मुंबई भाडे कायदा बिगरशेती मोकळ्या जमिनीलाही लागू होता. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली जागेची व्याख्या मात्र इमारत किंवा तिचा भाग यांच्याभोवती आहे, म्हणून मोकळ्या जमिनीची लीज मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने चालते. दस्तात 'जमीन व त्यावरील घर' असे शब्द असतील, किंवा लीज देताना एखादी जुनी बांधणी तिथे होतीच, तर आधी वकिलाला विचारा. भाडे नियंत्रण कायदा लागला तर नोटिशीनंतर ९० दिवस थांबल्याशिवाय थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला तर ताब्याचा हुकूमनामाही होत नाही.

पायरी २: मागणारे तुम्ही कोण, हे कागदावर आणा

लीजधारक पैसे देत नाही याला अनेकदा खरंखुरं कारण असतं: द्यायचे कोणाला हेच त्याला ठाऊक नसतं. मूळ मालक वारले, मुलं तीन ठिकाणी, एकाने पत्र पाठवलं तर दुसऱ्याने 'त्याला देऊ नका' म्हणून कळवलं. अशा वेळी त्याने हात आखडता घेतला तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून मिळकत पत्रिकेवर वारसांची नोंद करून घ्या, सगळ्या सहमालकांनी एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा आणि भाडं जमा करण्यासाठी एकच बँक खातं ठरवा. नोटीस सर्वांच्या वतीने जाऊ द्या.

जमीन तुम्ही विकत घेतली असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०९ नीट पाहा. खरेदीआधी देय झालेलं भाडं नव्या मालकाला आपोआप मिळत नाही. खरेदीखतात जुनी थकबाकीही तुमच्या नावे केल्याचं स्पष्ट लिहिलेलं लागतं. तसंच जमीन विकली गेल्याचं लीजधारकाला कळलेलंच नसेल आणि त्याने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे भाडं दिलं असेल, तर तेच भाडं तुम्हाला पुन्हा मागता येत नाही. खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात मालक बदलल्याचं पत्र खरेदीखताच्या नकलेसह पाठवा आणि पोच जपून ठेवा.

पायरी ३: देणं कोणाकडे निघतं

दस्तावरचा लीजधारक आणि आज जागेवर असलेला माणूस वेगळे असणं ही नेहमीची गोष्ट. मूळ लीजधारकाने हक्क पुढे दिला असला तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ (ञ) मुळे त्याची स्वतःची जबाबदारी आपोआप संपत नाही, आणि ज्याने हक्क घेतला तोही तो हक्क हाती असेपर्यंत भाड्याला बांधील असतो. दोघांनाही नोटीस द्या. लीजधारक वारला असेल तर सर्व वारसांना द्या, नुसत्या थोरल्या मुलाला नको.

गुंता होतो तो सोसायटीच्या बाबतीत. लीज बिल्डरच्या नावे, इमारतीत सदनिका विकलेल्या, सोसायटी नोंदलेली, पण लीजहक्क तिच्या नावे झालेलाच नाही. बिल्डर म्हणतो सोसायटीकडे मागा, सोसायटी म्हणते दस्तावर आमची सही कुठे आहे. अशा वेळी दोघांनाही पक्षकार करायचं. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) अर्ज केला की सक्षम प्राधिकाऱ्याकडून म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडून तुम्हाला नोटीस येते. ती दुर्लक्षून चालणार नाही. तिथे लेखी म्हणणं द्या, थकबाकीचा तक्ता जोडा आणि सोसायटीच्या नावे लीजहक्कच जातो, जमिनीची मालकी जात नाही, हे नोंदवून घ्या.

सोसायटीचे वार्षिक ताळेबंद मिळाले तर पाहा. त्यात 'देय भुईभाडे' अशी नोंद असेल तर ती तुमच्या कामाची आहे. लीजधारक कंपनी असेल तर तुमच्या प्राप्तिकराच्या २६एएस विवरणात तिने कापलेला कर दिसतो का तेही तपासा. कर कापून बाकीचं भाडं न देणारी कंपनी 'आमचा लीजशी संबंध नाही' असं सहजासहजी म्हणू शकत नाही.

पायरी ४: खातं लिहा, आणि तीन वर्षांची मुदत मोजा

इथे घाई करू नका. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५२ प्रमाणे थकलेल्या भाड्याचा दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ही तीन वर्षं प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी मोजायची, आणि ती थांबतात दावा दाखल झाल्यावर. नोटीस पाठवून ती थांबत नाहीत. तीन-तीन नोटिसा पाठवून 'आपलं काम चालू आहे' अशा समजुतीत वर्षं घालवणारे इथेच पैसे गमावतात.

एक उदाहरण घेऊ. भाडं वर्षाला २,४०० रुपये, दर १ एप्रिलला आगाऊ देय, आणि एप्रिल २०१९ पासून काहीच आलेलं नाही. दावा २० मार्च २०२६ ला लावला तर एकूण थकलेले हप्ते सात, म्हणजे १६,८०० रुपये. त्यांपैकी मुदतीत बसतात २०२३, २०२४ आणि २०२५ चे तीन, म्हणजे ७,२०० रुपये. आधीचे चार हप्ते, ९,६०० रुपये, मुदतबाह्य. आता तोच दावा १० एप्रिल २०२६ ला लावला असं धरा. मागणी तेवढीच दिसते, ७,२०० रुपये, कारण २०२६ चा हप्ता आत आला. पण २०२३ चा हप्ता गेला. एकवीस दिवसांच्या दिरंगाईने एका वर्षाचं भाडं बुडालं. म्हणून तक्त्यात प्रत्येक हप्त्यासमोर 'दाव्याची शेवटची तारीख' असा रकाना ठेवा: देय तारीख, रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी, शेवटची तारीख.

मुदत पुन्हा नव्याने सुरू होण्याचे दोन मार्ग आहेत. मुदत संपायच्या आत लीजधारकाने देणं मान्य असल्याचं सहीनिशी लिहून दिलं (कलम १८), किंवा मुदतीतच काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची त्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद असली (कलम १९). 'पुढच्या महिन्यात बघू' हे तोंडी आश्वासन काही उपयोगाचं नाही. तेच त्याने सहीच्या पत्रात रकमेसह लिहिलं तर तीन वर्षं नव्याने मिळतात. भेटीला जाताना एक छापील कबुलीपत्र सोबत न्या.

मुदतबाह्य हप्त्यांसाठी कोर्टात जाता येत नाही, पण ते देणं नाहीसं होत नाही. करार अधिनियमाच्या कलम २५ (३) प्रमाणे मुदतबाह्य रक्कम देण्याचं सहीचं लेखी वचन बंधनकारक असतं. आणि चेक येतो तेव्हा त्याच अधिनियमाची कलमं ५९ ते ६१ आठवा: लीजधारकाने तो कोणत्या वर्षासाठी हे सांगितलं असेल तर त्याच वर्षी जमा धरावा लागतो, काहीच सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर तुम्ही तो सर्वांत जुन्या, अगदी मुदतबाह्य बाकीतही जमा धरू शकता. मग तसं पत्राने लगेच कळवा आणि पावतीवर ते वर्ष लिहा.

व्याजाचा रकाना वेगळा. दस्तात दर असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ प्रमाणे लेखी दस्तात ठरलेल्या तारखेला देय असलेल्या रकमेवर त्या तारखेपासून व्याज मागता येतं, आणि दर बँकांच्या ठेवींवरच्या प्रचलित दराहून जास्त मिळत नाही. मनाने २४ टक्के लावू नका. फुगवलेल्या आकड्याने तुमच्या बाकीच्या हिशेबावरही संशय घेतला जातो.

पायरी ५: आधी एक साधं पत्र

वकिलाच्या आधी स्वतःच्या सहीचं पत्र पाठवा. थकबाकीचा तक्ता, मिळकत पत्रिकेची नक्कल, वारसांची नोंद किंवा कुलमुखत्यारपत्र, बँक खात्याचा तपशील आणि २१ दिवसांची मुदत. भाषा सरळ ठेवा, दोष देऊ नका. सोसायटी असेल तर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार तिघांच्याही नावे द्या, कारण समिती बदलली की जुनी पत्रं एखाद्या कपाटात राहतात. बरीच थकबाकी या पत्राने वसूल होते, विशेषतः जिथे भाडं कोणाकडे भरायचं हीच अडचण होती.

पायरी ६: वकिलाची नोटीस

पत्राला उत्तर नाही, तेव्हा ठरवायचं: फक्त पैसे हवेत की लीजही संपवायची? दोन्ही एकाच नोटिशीत सांगता येतं, पण लीज संपवण्याचं वाक्य विचार करून लिहावं. एकदा लीज संपवल्याचं जाहीर केलं की ताब्याच्या दाव्याची १२ वर्षांची मुदत (मुदत अधिनियमाचे अनुच्छेद ६६ आणि ६७) सुरू होते. नोटीस पाठवून पुढे काहीच केलं नाही, तर जी जागा वाचवायची होती तिच्यावरचाच हक्क धोक्यात येतो. दावा लावायची तयारी नसेल तर नोटीस पैशांपुरतीच ठेवा.

नोटिशीचा गाभा असा असावा:

'आपण दि. … रोजीच्या नोंदणीकृत लीजडीडअन्वये … या मिळकतीचे लीजधारक आहात. सदर दस्ताच्या कलम … प्रमाणे वार्षिक भुईभाडे रुपये २,४०० दरवर्षी १ एप्रिल रोजी आगाऊ देय आहे. १ एप्रिल २०२३, १ एप्रिल २०२४ व १ एप्रिल २०२५ रोजी देय झालेले एकूण रुपये ७,२०० आपण अदा केलेले नाहीत. ही रक्कम देय तारखांपासूनच्या व्याजासह ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत जमा करावी.'

लीजही संपवायची असेल तर पुढे: 'वरील थकबाकीमुळे दस्ताच्या कलम … मधील पुनर्प्रवेशाच्या अटीचा भंग झाला असून, सदर लीज संपुष्टात आणण्याचा आमच्या अशिलांचा इरादा या नोटिशीने कळवण्यात येत आहे.' दस्तात त्यासाठी ठरावीक दिवस सांगितले असतील तर तेवढेच दिवस द्या, एकही कमी नको. मुदतबाह्य हप्ते वेगळ्या परिच्छेदात नमूद करा. ते याच आकड्यात मिसळले तर सगळी मागणीच चूक असल्याचं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

नोटीस दस्तावरचा पत्ता, मिळकतीचा पत्ता आणि सध्याचा माहीत असलेला पत्ता अशी तिन्हीकडे पाठवा. नोंदणीकृत टपालाची जुनी स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, त्यामुळे टपाल कार्यालयात नोंदणीसह आणि पोचपावतीसह पाठवायचं आहे असं स्पष्ट सांगा. लिफाफा परत आला तर तो फोडू नका. त्यावरचा 'घेण्यास नकार' किंवा 'सूचना दिली, नेले नाही' असा पोस्टमनचा शेरा, तारीख आणि शिक्का जसाच्या तसा कोर्टात दाखल करायचा असतो. बरोबर पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणीने पाठवलेली नोटीस मिळाली असं गृहीत धरण्याचा आधार सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. पत्त्यात घर क्रमांक किंवा पिनकोड चुकला तर तो आधार जातो, तेव्हा लिफाफ्यावरचा पत्ता दस्ताशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

लीजधारक सहकारी सोसायटी असेल तर आणखी एक नोटीस लागते आणि नवखे नेमके तीच विसरतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १६४ प्रमाणे संस्थेच्या कामकाजाशी संबंधित दाव्याआधी निबंधकाला लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. भुईभाड्याचा दावा त्यात बसतो की नाही यावर कोर्टात वर्ष घालवण्यापेक्षा नोटीस देऊन टाकलेली बरी. कायद्याने लागणाऱ्या नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण नोटीस लागतच नव्हती असं ठरलं तर ते दोन महिने तुमच्याच अंगावर येतील. म्हणून शेवटच्या तारखेच्या चार-पाच महिने आधी ती द्या.

पायरी ७: नोटिशीनंतर काय येतं

पूर्ण पैसे आले तर पावती द्या, विषय मिटला.

अर्धवट चेक आला आणि तुम्ही लीज संपवण्याची नोटीस दिलेली असेल, तर जपून. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११२ प्रमाणे अटीचा भंग तुम्हाला माहीत असताना, भंगानंतरच्या काळाचं भाडं तुम्ही स्वीकारलंत की लीज रद्द करण्याचा हक्क सोडून दिला असं धरलं जातं. भंगाआधी देय झालेली थकबाकी घेतल्याने तसं होत नाही, आणि ताब्याचा दावा लागल्यानंतर घेतलेल्या भाड्यानेही होत नाही. तेव्हा चेक बँकेत टाकण्याआधी तो कोणत्या काळाचा ते पाहा. ऑनलाइन रक्कम परस्पर जमा झाली तर त्याच आठवड्यात पत्र द्या: कोणत्या जुन्या थकबाकीपोटी जमा धरली, आणि नोटिशीतले हक्क अबाधित आहेत.

'जमीन तुमची नाहीच' असं उत्तर आलं तर ते काळजीपूर्वक ठेवा. लीजधारकाने स्वतःची किंवा तिसऱ्याची मालकी सांगणं हे कलम १११ (छ) प्रमाणे लीज रद्द होण्याचं स्वतंत्र कारण आहे.

काहीच आलं नाही तर दावा. आणि मधल्या काळात गेटला कुलूप, पाण्याची लाईन तोडणं, कुंपण घालणं यांतलं काहीही करू नका. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढला तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली समोरचा सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवतो, आणि तिथे तुमची मालकी हा बचाव चालत नाही. थकबाकीदार तो, पण कोर्टासमोर चूक तुमची ठरते.

पायरी ८: दावा

बृहन्मुंबईत मालक-भाडेकरू नात्यातल्या भाड्याचा आणि ताब्याचा दावा, रक्कम कितीही असो, लघुवाद न्यायालयात लागतो. पुण्यासारख्या ठिकाणीही लघुवाद न्यायालय आहे. बाकी ठिकाणी दिवाणी न्यायाधीशांकडे जावं लागतं. वादपत्रासोबत लीजडीडची प्रमाणित नक्कल, मिळकत पत्रिका, मालकीची साखळी, हप्त्यांचा तक्ता, नोटीस, टपालाच्या पावत्या आणि परत आलेले लिफाफे लागतात.

एक चूक कधीच दुरुस्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २, नियम २ प्रमाणे दाव्याच्या दिवशी देय असलेले सगळे हप्ते त्याच दाव्यात मागावे लागतात. तीन वर्षं थकलेली असताना मधल्या एकाच वर्षाचा दावा लावला तर उरलेल्या दोन वर्षांसाठी पुन्हा दावा लावता येत नाही. संहितेत दिलेलं उदाहरणच घरभाड्याचं आहे. 'आधी थोडंसं मागून बघू' हा विचार इथे महागात पडतो.

ताब्याचाही दावा असेल तर त्याच संहितेत मुंबई उच्च न्यायालयाने घातलेल्या आदेश १५-अ खाली लगेच अर्ज द्या. प्रतिवादीने थकबाकी आणि पुढचं भाडं कोर्टात भरत राहावं असा आदेश मिळतो, आणि त्याने तो पाळला नाही तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. वर्षानुवर्षं तारखा घेणाऱ्याला जागेवर आणणारं याहून चांगलं साधन नाही.

ताबा मिळण्याबद्दल मात्र खोटी आशा ठेवू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११४ प्रमाणे सुनावणीच्या वेळी लीजधारकाने थकबाकी, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च भरला किंवा १५ दिवसांत भरण्याची पुरेशी हमी दिली, तर कोर्ट लीज वाचवू शकतं, आणि कोट्यवधींच्या इमारतीखालच्या जमिनीसाठी ते बहुधा तसंच करतं. म्हणून ताब्याची मागणी ही पैसे बाहेर काढण्याचा दाब म्हणून धरा आणि खर्चाचा प्रत्येक कागद सांभाळा: वकिलाची फी, कोर्ट फी, नकला, टपाल. या टप्प्यावर तो आकडा भाड्याहून मोठा असतो आणि तोही मिळू शकतो.

तडजोडीची तयारी दिसली तर लोकअदालत चांगली. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीत पुढची देय तारीख, खातं, उशिराचं व्याज आणि मुदतबाह्य हप्त्यांचं काय, हे चारही लिहून घ्या. इमारतीचा पुनर्विकास निघाला असेल तर लीजधारकाला तुमची संमती हवी असते आणि मग तो स्वतःहून येतो. त्या वेळी आधी थकबाकीचा लेखी हिशेब आणि पैसे, मग संमतीपत्र. उलट क्रमाने गेलात तर हातात काही राहत नाही.

पायरी ९: हुकूमनाम्यानंतर

हुकूमनामा झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते. तिची मुदत १२ वर्षं आहे, पण पहिल्याच महिन्यात लावा. सर्वांत सोपी जप्ती बँक खात्याची: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४६-अ खाली लीजधारकाच्या बँकेलाच रक्कम कोर्टात भरण्याचा आदेश होतो. त्यासाठी बँकेचं आणि शाखेचं नाव लागतं. जुन्या चेकची झेरॉक्स किंवा सोसायटीचं देखभाल बिल यांवर ते मिळतं, म्हणून आलेल्या प्रत्येक चेकचा फोटो काढून ठेवा. खातं सापडलं नाही तर लीजहक्काच्या जप्तीचा अर्ज करता येतो.

पैसे जमा झाले की पावती फाडा. पावतीवर लीजडीडची तारीख, मिळकतीचा नगर भूमापन क्रमांक, 'लीजधारक' हा शब्द, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं भुईभाडं आणि उरलेली बाकी लिहा. स्थळप्रतीवर लीजधारकाची सही घ्या आणि पुढच्या १ एप्रिलच्या मागणीपत्राचा लिफाफा त्याच दिवशी पत्ता घालून तयार ठेवा.